इंग्रजी उपवाक्यांची जोडणी आणि स्वल्पविराम : मराठीभाषकांच्या लेखनात नेमके काय घडते?

रानजाई

शेतीविषयक अहवाल आणि प्रबंध यांच्या इंग्रजी मसुद्यांचे भाषिक संपादन हे माझे रोजचे काम आहे. लिहिणारे बहुतेक मराठी माध्यमातून शिकलेले आणि आपल्या विषयात पक्के असतात. त्यांची शब्दयोजना सहसा चुकत नाही, काळही फारसे चुकत नाहीत. चुकते ती दोन उपवाक्यांच्या मधली जागा. तिथे स्वल्पविराम हवा की अर्धविराम, उभयान्वयी अव्यय हवे की नको, की सरळ पूर्णविराम देऊन वाक्य संपवावे, हा निर्णय वारंवार एकाच दिशेने चुकतो. त्यावरून माझे असे मत झाले आहे की यामागे निष्काळजीपणा नाही. लिहिणारा मराठीची वाक्यरचना इमानाने पाळत असतो आणि तीच इंग्रजीत उतरते. त्यामुळे 'इंग्रजी नीट वाचा म्हणजे जमेल' एवढ्या सल्ल्याने काही साधत नाही. मराठी वाक्य कसे जोडले जाते हे आधी लख्ख दिसायला हवे.

सर्वांत जास्त आढळणारा नमुना असा : 'द रेनफॉल वॉज लो, द यील्ड डिक्रीज्ड.' मराठीत 'पाऊस कमी झाला, उत्पादन घटले' हे वाक्य निर्दोष आहे. इंग्रजीत मात्र दोन स्वतंत्र वाक्ये केवळ स्वल्पविरामाने जोडणे ही व्याकरणाची चूक धरली जाते आणि तिला 'कॉमा स्प्लाइस' म्हणतात. स्वल्पविरामही गाळला, तर ते 'रन-ऑन' वाक्य होते.

हा फरक का पडतो? मराठीत क्रियापद शेवटी येते. 'झाला' हा शब्द वाचताच विधान पुरे झाल्याचे वाचकाला कळते, त्यामुळे तिथे चिन्ह कोणतेही असले तरी त्याचा गोंधळ होत नाही. इंग्रजीत क्रियापद वाक्याच्या मध्ये असते आणि त्याच्यानंतर कर्म, स्थळ, काळ, रीत असे काहीही येऊ शकते. शिवाय इंग्रजीत स्वल्पविराम यादीसाठीही वापरतात, त्यामुळे 'लो' या शब्दानंतर स्वल्पविराम दिसला की 'लो, इरॅटिक, अँड लेट' अशी विशेषणांची यादी पुढे येणार असे वाचक धरून चालतो. तिथे एकाएकी नवा कर्ता उभा राहिला की त्याला मागे जाऊन वाक्य पुन्हा वाचावे लागते.

दुरुस्तीचे मार्ग अनेक आहेत, पण ते एकाच अर्थाचे नाहीत. पूर्णविराम दिला की दोन घटना सुट्या राहतात. अर्धविराम दिला की त्या शेजारी बसतात आणि संबंध वाचकाने ओळखायचा असतो. 'द रेनफॉल वॉज लो, सो द यील्ड डिक्रीज्ड' असे लिहिले की परिणाम सांगितला जातो, आणि 'बिकॉज द रेनफॉल वॉज लो, द यील्ड डिक्रीज्ड' असे लिहिले की पहिले विधान गौण होऊन दुसऱ्यावर भर जातो. संशोधन-निबंधात तर हा निर्णय लेखकानेच घ्यायला हवा, कारण पावसामुळे उत्पादन घटले असा त्याचा निष्कर्ष आहे, की दोन्ही गोष्टी एकाच हंगामात घडल्या एवढेच त्याला म्हणायचे आहे, हे संपादकाला ठरवता येत नाही.

याच प्रकारचे इतर नमुने आपल्या पाहण्यात असतील, तर कृपया लिहावेत.

कृष्णाकाठ

रानजाई, अत्यंत गरजेचा विषय आहे. मी माध्यमिक शाळेत इंग्रजी शिकवतो आणि आपल्या निरीक्षणाला वर्गातून दुजोरा देतो.

केवलवाक्य, संयुक्तवाक्य आणि मिश्रवाक्य हे प्रकार आपल्या मुलांना मराठीच्या तासाला व्यवस्थित शिकवले जातात. प्रधानत्वसूचक आणि गौणत्वसूचक उभयान्वयी अव्यये ती पाठ करतात. पुढच्याच तासाला इंग्रजीत सिंपल, कंपाउंड आणि कॉम्प्लेक्स ही त्याच गोष्टींची दुसरी नावे येतात, पण हे दोन तास एकमेकांशी बोलत नाहीत. परीक्षेत 'नो सूनर…दॅन' किंवा 'नॉट ओन्ली…बट ऑल्सो' वापरून वाक्य बदलून लिहायला सांगतात. मुले साचा बसवतात, गुण मिळवतात, आणि निबंधात पुन्हा स्वल्पविरामांची माळ लावतात.

मी आता मराठीच्याच आधारे सांगतो. 'आणि', 'किंवा', 'पण' आणि परिणाम दाखवणारा 'म्हणून' हे दोन समान दर्जाची वाक्ये जोडतात. इंग्रजीत त्यांच्या जागी अँड, ऑर, बट, सो येतात आणि दोन्ही बाजूंना पूर्ण वाक्य असेल, तर त्यांच्या आधी स्वल्पविराम येतो. 'जर', 'जरी', 'जेव्हा' हे एका वाक्याला गौण करतात. गौणवाक्य आधी आले तर त्याच्यानंतर स्वल्पविराम, आणि ते मागून आले तर बहुधा काहीच नको. एवढ्यावर पुष्कळ काम भागते.

एक अडचण मात्र उरते. आपल्याकडे ही अव्यये जोडीने येतात : जर–तर, जरी–तरी, जेव्हा–तेव्हा. मराठीत दुसरा शब्द गाळला तर वाक्य लंगडे वाटते, म्हणून मुले 'ऑल्दो इट वॉज रेनिंग, बट वी वेन्ट' असे लिहितात. इंग्रजीत यातला एकच शब्द ठेवावा लागतो. 'बिकॉज' आणि 'सो' यांचेही तसेच. जुन्या व्याकरणात 'दो…येट' ही जोडी शिकवली जाई, ती चूक नाही, पण आज ती फारच क्वचित दिसते. मुलांना 'ऑल्दो…बट' ही तिचीच बहीण वाटते, म्हणून हे वेगळे सांगावे लागते.

विसावा

माझा प्रश्न कार्यालयीन पत्रव्यवहारातला आहे. आमच्याकडे दिवसभर अशी वाक्ये फिरतात : 'द बिल्ड वॉज सक्सेसफुल, हाउएव्हर, टू टेस्ट्स फेल्ड.' माझ्या वरिष्ठांनी यात पहिल्या स्वल्पविरामाच्या जागी अर्धविराम घातला. 'बट' असते तर स्वल्पविराम चालला असता, मग 'हाउएव्हर' मध्ये वेगळे काय आहे? अर्थ तर एकच आहे.

रानजाई

विसावा, अर्थ जवळचा आहे, शब्दाची जात वेगळी आहे. 'बट' हे उभयान्वयी अव्यय आहे आणि ते दोन वाक्यांच्या सांध्यावरून हलत नाही. 'टू टेस्ट्स बट फेल्ड' असे आपण लिहू शकत नाही. 'हाउएव्हर' हे क्रियाविशेषण आहे. ते 'हाउएव्हर, टू टेस्ट्स फेल्ड' असे आरंभी येते, 'टू टेस्ट्स, हाउएव्हर, फेल्ड' असे मध्ये येते, आणि 'टू टेस्ट्स फेल्ड, हाउएव्हर' असे शेवटीही बसते. जो शब्द आपल्याच वाक्यात असा मोकळा फिरतो, तो दोन वाक्ये बांधू शकत नाही, म्हणून बांधण्याचे काम अर्धविरामाला किंवा पूर्णविरामाला करावे लागते. 'देअरफोर', 'मोरोव्हर', 'नेव्हरदलेस', 'कॉन्सिक्वेंटली' आणि सर्वांना फसवणारा 'देन' हे सगळे याच जातीचे आहेत. शंका आली की शब्द वाक्यात आत सरकवून पाहावा. सरकला तर तो क्रियाविशेषण समजावा.

आपल्या वरिष्ठांची दुरुस्ती योग्य आहे. एरवी मी स्वतः तिथे पूर्णविराम देऊन 'हाउएव्हर' पासून नवे वाक्य सुरू केले असते. कामाच्या पत्रात दोन चाचण्या अपयशी ठरल्या ही बातमी तिच्या स्वतःच्या वाक्यात असावी.

कृष्णाकाठ यांच्या जोड्यांमध्ये मी 'जो–तो' ही जोडी घालते. 'जो अहवाल काल पाठवला होता, तो मंजूर झाला' या वाक्यात मराठीचा स्वल्पविराम रास्त आहे, कारण पलीकडे 'तो' उभा आहे. इंग्रजीत 'तो' नाहीसा होतो, पण स्वल्पविराम मागे राहतो : 'द रिपोर्ट विच वॉज सेन्ट येस्टरडे, इज अप्रूव्ड.' इथे कर्ता आणि क्रियापद यांच्यामध्ये एकटे चिन्ह येऊन पडले आहे. इंग्रजीत तिथे एक तर दोन स्वल्पविराम असतात, किंवा एकही नसतो. 'की' चेही असेच होते. 'त्यांनी सांगितले की, …' अशी आपली लेखनपद्धती असल्यामुळे 'दे स्टेटेड दॅट, द सॉइल वॉज सलाइन' असे लिहिले जाते. 'दॅट' नंतरचा तो स्वल्पविराम काढून टाकावा.

न्यायपत्र

मी करारांचे आणि अधिनियमांचे मराठी–इंग्रजी भाषांतर करतो. दोन स्वल्पविराम की एकही नाही, हा मुद्दा आमच्याकडे केवळ शैलीचा नसतो. 'माय ब्रदर, हू लिव्ज इन पुणे, इज अ डॉक्टर' असे लिहिले तर भाऊ एकच आहे आणि तो पुण्यात राहतो ही जादा माहिती झाली. स्वल्पविराम काढले की भाऊ अनेक असून त्यांपैकी पुण्याच्या भावाविषयी बोलणे चालले आहे. मृत्युपत्रात किंवा वाटणीपत्रात या दोन वाक्यांचे परिणाम अगदी वेगळे होतील. 'पुण्यात राहणारा माझा भाऊ' असे मराठीत म्हटले की दोन्ही अर्थ झाकले जातात, त्यामुळे भाषांतर करण्यापूर्वी पक्षकाराला विचारावेच लागते.

कॅनडातला रॉजर्स आणि अलायंट या दूरसंचार कंपन्यांचा वाद या बाबतीत वाचण्यासारखा आहे. अलायंटकडील खांबांवरून रॉजर्सच्या केबल नेण्याचा करार होता. त्यातले कलम थोडक्यात असे होते : करार पाच वर्षे चालू राहील, आणि त्यानंतर पुन्हा पाच-पाच वर्षांच्या मुदतींसाठी चालेल, जर एक वर्षाची लेखी सूचना देऊन तो संपवला नाही तर. इंग्रजी मजकुरात या शेवटच्या 'अनलेस' पासूनच्या उपवाक्याच्या आधी स्वल्पविराम होता. ते उपवाक्य फक्त पुढच्या मुदतींना लागू आहे, असे रॉजर्सचे म्हणणे होते. आधीच्या स्वल्पविरामामुळे ते पहिल्या पाच वर्षांनाही लागू होते, म्हणून मुदतीच्या आतही करार संपवता येतो, असे अलायंटने मांडले. 2006 मध्ये तिथल्या दूरसंचार नियामक आयोगाने विरामचिन्हांच्या नियमावर बोट ठेवून अलायंटचा अर्थ स्वीकारला. 2007 मध्ये आयोगाने तो निर्णय फिरवला, आणि त्यासाठी आधार घेतला नमुना-कराराच्या फ्रेंच मजकुराचा, ज्यात संदिग्धता नव्हती.

मी यातून एवढेच घेतले की शेवटी येणारे उपवाक्य मागच्या किती भागाला लागू आहे, हे चिन्हाच्या भरवशावर सोडू नये. वाक्य तोडावे, किंवा अट ज्या मुदतीला लागू आहे तिच्या शेजारीच ठेवावी.

आपल्या देशाच्या इंग्रजी अधिनियमांत आणि संविधानात 'प्रोव्हायडेड दॅट' ने सुरू होणारे परंतुक येते, त्याच्या आधीच्या मजकुराच्या शेवटी अपूर्णविराम असतो. तो मसुदालेखनाचा खास संकेत आहे. सामान्य पत्रात त्याचे अनुकरण करू नये, पण अधिनियमाचा उतारा देताना तो बदलूही नये.

सह्यकडा

मी जर्मनीत राहतो आणि इथे कामाची भाषा जर्मन आहे, म्हणून एक भर घालतो. आपल्याला लहानपणी सांगितलेले असते की जिथे श्वास घ्यायचा तिथे स्वल्पविराम द्यावा. स्वल्पविरामाला एक मोजेपर्यंत थांबा, अर्धविरामाला दोन. मोठ्याने वाचण्यासाठी हा सल्ला ठीक आहे. लिहिण्यासाठी तो साफ चुकीचा ठरतो, आणि जर्मन शिकताना ते चांगलेच कळते. जर्मनमध्ये 'दास', म्हणजे आपल्या 'की' च्या आधी, स्वल्पविराम द्यावाच लागतो, तिथे कोणी थांबो वा न थांबो. संबंधी उपवाक्यालाही तो नेहमीच लागतो, भाऊ एक असो वा चार. आणि दोन स्वतंत्र वाक्ये नुसत्या स्वल्पविरामाने जोडणे जर्मनमध्ये चालते, जसे ते मराठीत चालते. म्हणजे जी रचना इंग्रजीत चूक आहे, ती शेजारच्या आणि नात्यातल्या भाषेत रीतसर आहे. चिन्ह तेच आहे, त्याचे काम भाषेगणिक बदलते, हे मुलांना सांगितले तर 'मला इंग्रजी येत नाही' हा न्यूनगंड पुष्कळ कमी होईल असे मला वाटते.

इंग्रजीतही एक सवलत आहे. छोटी, एकाच घडणीची वाक्ये ओळीने आली, तर नुसते स्वल्पविराम चालवून घेतात. सीझरच्या नावावर सांगितले जाणारे 'आय केम, आय सॉ, आय कॉन्कर्ड' हे त्याचे सर्वांना माहीत असलेले उदाहरण आहे. प्रबंधात मात्र ती सवलत घेऊ नये.

मोडीवाचक

सह्यकडा यांच्या मुद्द्याला इतिहासाची बाजू आहे. आज आपण वापरतो ती विरामचिन्हे मराठीत आली ती एकोणिसाव्या शतकात, इंग्रजीच्या वळणावर, आणि त्याचे श्रेय मेजर टॉमस कँडी यांना दिले जाते. मोल्सवर्थच्या मराठी–इंग्रजी कोशाच्या कामात सहभागी असलेले हेच ते कँडी. त्यापूर्वी आपल्याकडे मुख्यतः दंड होता. मोडी कागदांत तर शब्दही एकमेकांना लागून येतात.

तरीही बखरीतले पानभर लांबीचे वाक्य समजते, कारण जोडणी शब्दांतच असते. 'जाऊन', 'करून', 'देऊन' ही धातुसाधिते, 'म्हणोन', 'ऐसे', 'ते समयी' हे शब्द, आणि शेवटी क्रियापद. ही सवय आपल्या गद्याच्या हाडात आहे आणि तिचे मोल कमी लेखू नये. पण हेच 'ऊन' रूप इंग्रजीत नेताना जपावे लागते. 'पाऊस पडून रस्ता वाहून गेला' यात पडणारा पाऊस आहे आणि वाहून जाणारा रस्ता. दोन कर्ते एका वाक्यात मराठीत सुखाने नांदतात. इंग्रजीत 'हॅविंग रेन्ड हेव्हिली, द रोड वॉज वॉश्ड अवे' असे लिहिले, तर पाऊस रस्त्यानेच पाडला असा अर्थ होतो. 'आफ्टर इट रेन्ड हेव्हिली' असे स्वतंत्र कर्त्याचे उपवाक्य करणे हाच सुरक्षित मार्ग आहे.

विसावा

सर्वांचे आभार. 'हाउएव्हर' चा उलगडा झाला. 'बिकॉज' बद्दल एक शेवटची शंका आहे. कृष्णाकाठ यांनी गौणवाक्य मागून आले तर स्वल्पविराम नको असे लिहिले आहे, पण काही ठिकाणी 'बिकॉज' च्या आधी तो दिसतो. आणि 'बिकॉज' ने वाक्य सुरू करू नये असे आम्हाला शाळेत सांगितले होते, त्यात तथ्य आहे का?

कृष्णाकाठ

दुसऱ्या शंकेचे उत्तर मी देतो. 'बिकॉज' ने वाक्य सुरू करण्यात काहीही चूक नाही, फक्त त्या वाक्यात पुढे प्रधानवाक्य हवे. मराठीत 'मी आलो नाही. कारण मला ताप होता.' असे दोन तुकडे सर्रास लिहितात आणि 'कारण' ने आरंभ झालेला तुकडा कोणालाही अपुरा वाटत नाही. इंग्रजीत 'बिकॉज आय हॅड फीवर.' एवढेच सुटे ठेवले तर ते अपुरे वाक्य ठरते. मुले हे टाळू शकत नाहीत असे पाहून कोणीतरी सरसकट बंदी घातली असावी, असा माझा तर्क आहे. बंदीपेक्षा कारण सांगितलेले बरे.

रानजाई

पहिल्या शंकेचे उत्तर नकाराच्या वाक्यात दडलेले आहे. 'ही डिड नॉट रिझाइन बिकॉज ही वॉज अँग्री' हे वाक्य पाहावे. यात स्वल्पविराम नसेल, तर बहुधा असा अर्थ घेतला जाईल की त्याने राजीनामा दिला, पण त्याचे कारण राग नव्हते. 'रिझाइन' नंतर स्वल्पविराम दिला, तर त्याने राजीनामा दिलाच नाही, आणि न देण्याचे कारण राग हे होते. 'तो चिडला होता म्हणून त्याने राजीनामा दिला नाही' या मराठी वाक्यातही हा पेच आहे. आपण तो 'चिडला म्हणून नव्हे' असा 'नव्हे' घालून सोडवतो. तेव्हा प्रधानवाक्यात नकार असला की 'बिकॉज' पाशी थांबून दोन्ही अर्थ तपासावेत, आणि शक्य असेल तर वाक्यच बदलावे.

'सो' चेही असेच आहे. आपल्या व्याकरणात 'म्हणून' हे परिणामबोधकही आहे आणि उद्देशबोधकही. परिणाम सांगायचा तर 'द पंप फेल्ड, सो वी इरिगेटेड बाय हँड', आणि उद्देश सांगायचा तर 'वी रिपेअर्ड द पंप सो दॅट वी कुड इरिगेट', तेही स्वल्पविरामाशिवाय.

आता सगळे एकत्र दिसावे म्हणून माझ्या टेबलावर नेहमी येणाऱ्या धर्तीचे एक वाक्य घेते. मूळ विचार मराठीत असा : 'पाऊस उशिरा आल्यामुळे पेरण्या लांबल्या, जुलैतल्या सततच्या पावसाने पीक पिवळे पडले, तरीही ज्या शेतकऱ्यांनी रुंद वरंबा-सरी पद्धत वापरली होती, त्यांच्या सोयाबीनचे उत्पादन टिकून राहिले.' मसुद्यात ते सहसा चार स्वल्पविरामांनी गुंफलेले एकच इंग्रजी वाक्य होऊन येते. मी आधी क्रियापदे शोधते : आला, लांबल्या, पडले, वापरली, राहिले. मग प्रत्येकाचा कर्ता शोधते, आणि कोणते विधान कोणाच्या आधाराने उभे आहे ते ठरवते. पाऊस उशिरा येणे हे पेरण्यांवर अवलंबून ठेवलेले गौणवाक्य आहे. पेरण्या आणि पीक ही दोन समान दर्जाची वाक्ये आहेत. शेतकऱ्यांविषयीचे 'वापरली होती' हे कोणते शेतकरी ते ओळखण्यासाठी आहे, म्हणून त्याला स्वल्पविराम नकोत. आणि 'तरीही' पाशी विचार उलटा वळतो, तिथे सर्वांत मोठा सांधा हवा.

तेव्हा ते असे होते : 'बिकॉज द रेन्स केम लेट, सोइंग वॉज डिलेड, अँड काँटिन्युअस रेन इन जुलै टर्न्ड द क्रॉप यलो; हाउएव्हर, द फार्मर्स हू हॅड यूज्ड ब्रॉड बेड्स अँड फरोज मेंटेन्ड देअर सोयाबीन यील्ड्स.' वाक्य लांब वाटत असेल, तर अर्धविरामाच्या जागी पूर्णविराम देता येईल. बाकीचे एकही चिन्ह त्यासाठी हलवावे लागत नाही.